लालबागचे शेहेचाळीस मीटर

शर्यतीचा रस्ता सायकलने मोजतात असं सांगितलं की लोक हसतात. खिशात फोन असताना सायकल कशाला? पण उंच इमारतींमधून जाताना फोन गोंधळतो, सायकलचं चाक गोंधळत नाही. पुढच्या चाकाच्या आसाला एक लहानसं यंत्र बसवतात. चाक फिरतं तसे त्यातले आकडे सरकतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या तीनशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर चार वेळा सायकल चालवायची, किती आकडे सरकले ते टिपायचं, आणि मग पहाटे रिकाम्या रस्त्यावरून सगळा मार्ग तिच्यावरूनच कापायचा. तोही पदपथाच्या कडेपासून फूटभर अंतर ठेवून, प्रत्येक वळण आतून घेत, कारण पळणारा माणूस जवळचा रस्ता शोधणारच. शेवटी दर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरायचा. रस्ता थोडा लांब भरला तर लोक कुरकुर करतात. आखूड भरला तर सगळ्यांच्या वेळा कवडीमोलाच्या होतात.

मी हे काम सोळा वर्षं केलं. त्याआधी एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअरच्या हाताखाली होतो, त्यामुळे मोजण्याची सवय होती, आणि मोजमापाचा गर्वही होता. किडनीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची वार्षिक दौड असायची. तिचा मार्ग आखणं, मोजणं आणि शर्यतीच्या दिवशी तो जसा मोजला तसाच मांडणं ही माझी जबाबदारी. पदाचं नाव मार्गप्रमुख. घरी प्रभादेवीला आमच्या मजल्यावर मला ‘रस्तेवाले पाटकर’ म्हणत.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं. गमती आहेत. एक गृहस्थ दरवर्षी फोन करून छातीवरच्या क्रमांकातल्या आकड्यांची बेरीज सात यायला हवी म्हणून हटून बसायचे. एका वर्षी चुकून आठ आली, तर त्यांनी शर्यतच सोडून दिली आणि ‘तुमच्यामुळे माझा पाय वाचला’ असं आभाराचं पत्र पाठवलं. गिरगावात पाण्याच्या टेबलांपाशी एका महिला मंडळाच्या बायका उभ्या राहायच्या. पाण्याची टेबलं एकापुढे एक दहा मांडतात. पहिल्या टेबलावर झुंबड उडते आणि शेवटची मोकळी राहतात, म्हणून ‘पुढे पाणी आहे, पुढे चला’ असं ओरडणारा एक माणूस नेमावा लागतो. या बायकांना ते पटेना. “पाहुण्याला पुढे चला कसं म्हणायचं? आणि पळता पळता पाणी पितात का? ठसका लागेल.” त्यांनी स्वतःच्या घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. एका पळणाऱ्याला बसवून पोहे खाऊ घातले. तो वीस मिनिटं उशिरा पोचला आणि पोह्यांत खोबरं छान होतं म्हणून सांगत सुटला.

अशा गमती मी आणखी पानभर सांगू शकतो. इतकी वर्षं लग्नकार्यात, गणपतीत त्याच सांगत आलो. पण एक गोष्ट तिथे कधीच सांगितली नाही, आणि ती पोटात असताना बाकीच्या सांगायचा मला कंटाळा आलाय. म्हणून ती लिहितो.

आधी नियम समजून घ्यायला हवा. अर्ध्या मॅरेथॉनचं अंतर एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. आमच्याकडे ते पार करायला तीन तास पंधरा मिनिटं. याला कट-ऑफ म्हणतात. वेळ मोजायची ती सुरुवातीचा भोंगा वाजल्यापासून. मागच्या रांगेतल्या माणसाला आरंभरेषेपर्यंत यायलाच चार-पाच मिनिटं लागतात, तीही त्याच्याच खात्यात पडतात. कारण पोलिसांना रस्ता ठरल्या वेळी उघडायचा असतो. वेळ संपली की दादरच्या मैदानात, शेवटच्या कमानीच्या अलीकडे, एक दोरी आडवी ओढतात. दोरीच्या आत आलेल्यांना पदक, प्रमाणपत्र, निकालात नाव. बाहेर राहिलेल्यांना केळं, पाण्याची बाटली आणि नावापुढे ‘अपूर्ण’.

हा नियम दुष्ट वाटतो, पण लागतो. सगळ्यांसाठी थांबायचं म्हटलं तर रुग्णवाहिका, डॉक्टर, चौकाचौकांतले पोलीस, कोणालाच मोकळं करता येत नाही. मी दोरीच्या बाजूचा माणूस होतो. अजूनही आहे.

त्या वर्षी संस्थेने ज्यांनी स्वतःची किडनी कुणाला तरी दिली आहे अशा नऊ जणांना पळायला बोलावलं होतं. किडनी दिलेला माणूस ठणठणीत जगतो हे लोकांना दिसावं, हा हेतू. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या पत्राचा वेगळा नियम केला होता आणि ती पत्रं तपासायला दादरच्या एका सभागृहात मी बसलो होतो. तिथे सुनंदाताई आल्या. सुनंदा तावडे, वय पन्नाशीच्या आसपास, परळच्या एका बालवाडीत शिक्षिका. टेबलावर फाइल आपटून म्हणाल्या, “हा फॉर्म मलाच वेगळा का?”

“किडनी दिलेल्यांना डॉक्टरांचं पत्र लागतं, ताई.”

“आणि आदल्या दिवशी दारू पिऊन येतात त्यांना?”

“ते फॉर्मवर तसं लिहीत नाहीत.”

त्या हसल्या. पत्र ठीक होतं. मी शिक्का मारला. त्या क्रमांक घ्यायला पुढच्या टेबलावर गेल्या आणि त्यांच्या मागे उभा असलेला चाळिशीचा माणूस वाकून माझ्या कानाशी आला.

“साहेब, एक विनंती. नाही म्हणा तिला.”

“का?”

“काहीतरी कागद कमी आहे म्हणा.”

“सगळे कागद आहेत.”

“माहीत आहे हो. म्हणून तर पाया पडतोय.” त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “तिची एक माझ्यात आहे. मी भाऊ तिचा, महेश. उरलेली एक तिला जन्मभर पुरवायचीय ना? सहा वर्षं मी तिला पाण्याची बादली उचलू दिली नाही. भाजीची पिशवी उचलू दिली नाही. आणि आता ही एकवीस किलोमीटर पळणार! काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगायचं?”

महेश लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. बोलताना त्याची बोटं एकसारखी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरशी खेळत होती.

“महेश, साहेबांचं डोकं खाऊ नकोस,” सुनंदाताई पुढच्या टेबलावरून ओरडल्या. मग क्रमांक हातात घेऊन परत आल्या. “आमचं ठरलंय, साहेब. मी वेळेत आले, निकालात नाव लागलं, तर हा पुन्हा चकार शब्द काढणार नाही. बादली उचलीन, पळेन, डोंगर चढेन. नाही आले तर मी बूट याच्या ताब्यात देणार. बरोबर ना रे?”

“आईची शपथ घेतलीय तिने,” महेश मला म्हणाला.

“तूही घेतलीयस.”

मी दोघांना शुभेच्छा दिल्या. पुढच्या माणसाचं पत्र बघायला लागलो.

आता लालबाग. त्या वर्षी मार्ग दादरहून निघून गिरगावच्या चौपाटीपर्यंत आणि परत भायखळा, लालबाग, परळ असा दादरला येत होता. मोजला तेव्हा साधारण सहाशे मीटर कमी भरला. अशा वेळी एखाद्या आडरस्त्यात आत शिरून परत यायची सोय करतात, म्हणजे आकडा जुळतो. मी लालबागमधला एक रस्ता निवडला. तिथे तीनशे मीटर आत जायचं, एका शंकूला वळसा घालायचा आणि बाहेर यायचं. शंकू म्हणजे ते लाल-पांढरे प्लास्टिकचे, रस्ताकामाच्या ठिकाणी ठेवतात ते. तो नेमका कुठे ठेवायचा त्यासाठी मी डांबरात खिळा ठोकला, भोवती पिवळा रंग लावला आणि बाजूच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहून घेतला. सगळ्या मार्गाचा हिशोब त्या एका खिळ्यावर टेकलेला.

त्या रस्त्यावर शर्यतीच्या दिवशी माणसं कुठून आणायची? मी तिथल्याच गणेशोत्सव मंडळाला सांगितलं. गर्दी हाताळायची तर लालबागच्या पोरांना कोणी शिकवायला नको. कार्यकर्त्यांचा म्होरक्या दत्तूदादा परब. त्याने एका शब्दावर बावीस माणसं उभी केली. मी त्याला शंकू दिला, खिळा दाखवला, ‘इथेच’ म्हणून सांगितलं. का इथेच, ते सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक. मला वाटलं, नुसतं सांगून पुरे.

शर्यतीच्या सकाळी मी मोटारसायकलवरून मार्गावर फिरत होतो. लालबागच्या त्या रस्त्यात शिरलो तेव्हा पहिले पन्नासेक जण वळून गेले होते. लांबूनच ताशाचा आवाज येत होता. खिळ्याजवळ आलो तर तिथे शंकू नव्हता. तो बऱ्याच पुढे, एका चाळीच्या दारात होता. त्याला झेंडूचा हार घातलेला. भोवती रांगोळी. दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून चाळीतल्या म्हाताऱ्या बसलेल्या, आणि प्रत्येक पळणारा वळला की एक आजी स्टीलच्या ताटावर चमच्याने दणादण वाजवायची.

दत्तूदादा हात जोडून पुढे आला. “कसा दिसता, साहेब?”

“दादा, हा इथे कसा?”

“अहो, तुमची जागा कचऱ्याच्या पेटीसमोर होती. एवढे लांबून पळून येणार, आणि कचराकुंडीला प्रदक्षिणा घालून जाणार? लोक काय म्हणतील लालबागला?” त्याने खुर्च्यांकडे हात केला. “आणि आमच्या आज्यांका तिथून काय दिसणार होता? त्या पहाटे चारपासून आंघोळी करून बसल्यात.”

“पण खिळा...”

“खिळा आसा ना जाग्यावर. तो कोण काढता?”

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रागावताही येईना. पाहुणे दारापर्यंत यावेत, एवढंच त्याने केलं होतं. मी पावलं मोजत खिळ्यापर्यंत गेलो. पंचेचाळीस-शेहेचाळीस मीटर. जाऊन-येऊन ब्याण्णव.

तिथे उभं राहून मी जो विचार केला तो अजून मला शब्दाशब्दाने आठवतो. शंकू मागे आणावा, तर गेलेल्या पन्नास जणांना एक अंतर आणि मागच्या दोन हजारांना दुसरं. तो अन्याय. म्हणजे शंकू आहे तिथेच राहू द्यायला हवा. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढचं पाऊल सोपं होतं. वॉकीटॉकीवर नियंत्रण कक्षाला सांगायचं, लालबागच्या वळणावर ब्याण्णव मीटर जास्त होताहेत, शेवटची दोरी एक मिनिट उशिरा ओढा. दोरी मैदानाच्या आत होती. रस्त्याचा, पोलिसांचा काही प्रश्न नव्हता. एक मिनिटाने कोणाचंही काही बिघडलं नसतं.

माझं बिघडलं असतं. मोजला तसा मार्ग मांडला नाही तर त्या दिवसापुरतं मार्गाचं प्रमाणपत्र रद्द होतं. आणि त्या प्रमाणपत्रावर सही माझी. पंधरा वर्षांत माझा एकही मार्ग चुकला नव्हता, आणि हे मी आदल्या आठवड्यातल्या बैठकीत सगळ्यांना ऐकवलं होतं. तेवढ्यात वॉकीटॉकीवरून आवाज आला, “लालबाग वळण, सगळं ठीक?”

मी बटण दाबलं. “लालबाग ठीक आहे.”

ताटावर चमचा वाजतच होता.

मैदानात पोचलो तेव्हा तीन तास होत आले होते. दोरीपाशी साठे उभे होते, बँकेतून निवृत्त झालेले, दरवर्षी हौसेने येणारे. एका हातात दोरीचं टोक, दुसऱ्या हातात वही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. खरं तर तिथे माझं काम नव्हतं. पण मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आणि नजर घड्याळावरून हलत नव्हती. कमानीपलीकडे महेश फोन उंच धरून उभा होता.

तीन तास पंधरा झाले तेव्हा सुनंदाताई समोर दिसत होत्या. मैदानाच्या फाटकातून आत आल्या होत्या. पळत होत्या, चालत नव्हत्या. दंडावर संस्थेची हिरवी पट्टी.

“येऊ द्या हो,” साठे म्हणाले. “दिसतेय की बाई.”

“वेळ झाली, साठे.”

“अहो पाटकर, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे.”

मी त्यांच्या हातातलं दोरीचं टोक घेतलं आणि स्वतः ओढलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती. आज एकालाही सोडलं तर कोणीतरी विचारेल, का सोडलं? आणि मग लालबाग निघेल.

सुनंदाताई दोरीला येऊन थडकल्या. दोन्ही हातांनी दोरी धरून धापा टाकत म्हणाल्या, “अहो, दिसत होते ना मी तुम्हाला?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे, ताई.”

मागून आणखी लोक आले. साठे मान खाली घालून वहीत क्रमांक आणि वेळ लिहीत राहिले. सुनंदाताई चौतीस सेकंद उशिरा होत्या. महेशने फोन खाली घेतला आणि दोरीखालून वाकून बहिणीपाशी आला. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातातली पाण्याची बाटलीसुद्धा तिला धरू दिली नाही, स्वतःच तिच्या तोंडाला लावली.

शर्यत संपली की तक्रारी येतात. त्या वर्षी बऱ्याच जणांनी लिहिलं की त्यांच्या घड्याळात अंतर जास्त दाखवलं. हाताला बांधायच्या घड्याळात ते नेहमीच थोडं जास्त दाखवतं, उंच इमारतींमुळे आणि लोक वळणं बाहेरून घेतात म्हणून. त्यासाठी माझ्याकडे एक तयार उत्तर होतं, अतिशय सभ्य आणि शास्त्रशुद्ध. तोपर्यंत दरवर्षी ते खरं होतं. त्या वर्षी तेच उत्तर, एकही शब्द न बदलता, मी सगळ्यांना पाठवलं.

त्यानंतर मी बरा नव्हतो. आजारी म्हणण्यासारखं काही नाही. चालताना पावलं मोजायची खोड लागली. घरापासून दुधाच्या केंद्रापर्यंत किती, केंद्रापासून देवळाच्या कोपऱ्यापर्यंत किती. शेहेचाळीस मीटर कुठे संपतात ते मला कुठेही उभं राहून दिसायला लागलं. बायको म्हणाली, “अहो, जरा एका जागी बसा. जेवतानासुद्धा तुमचे पाय हलतात.”

चार महिन्यांनी संस्थेने त्या नऊ जणांचा सत्कार केला. आठच आले. मी शेजारच्या बाईंना विचारलं, सुनंदाताई दिसत नाहीत?

“तिने सोडलं ना सगळं. शब्दाची पक्की आहे. बूट भावाला देऊन टाकले. आता बालवाडीतही तो स्कूटरवरून सोडतो तिला. चार पावलांवर तर आहे शाळा!”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. परळला, तिसऱ्या मजल्यावर. महेश तिथेच होता, तो वरच्या मजल्यावर राहतो. चहा आला. मी चहा घेण्याआधीच सांगून टाकलं. शंकू, हार, कचरापेटी, वॉकीटॉकी, दोरी. काही लपवलं नाही.

“किती म्हणालात?” महेशने विचारलं.

“शेहेचाळीस मीटर. जाऊन-येऊन ब्याण्णव.”

“पावलांनी मोजलंत?”

“हो.”

तो उठला, वर गेला आणि कामाची मोठी टेप घेऊन खाली आला. “चला. पावलांवर माझा विश्वास नाही.”

आम्ही तिघं लालबागला गेलो. सुनंदाताई स्कूटरवर त्याच्या मागे, मी टॅक्सीने. त्या आडरस्त्यात दत्तूदादा वडापावच्या गाडीशी उभा होता. मला बघून धावत आला. शंकू कुठे होता असं महेशने विचारताच त्याने छाती काढून जागा दाखवली. “ह्या इथे. ह्या दारात. रांगोळी आमच्या सुलूवैनीची होती. फोटो दाखवू?” आम्ही कशासाठी मोजतोय हे त्याला मी तिथेच सांगितलं. त्याचा चेहरा पडला. “माका सांगूक होया होता, साहेब,” तो म्हणाला. “मी कचऱ्याची पेटी उचलून दुसरीकडे ठेवली असती.”

पेटी हलवायची हे मला सुचलंच नव्हतं.

महेशने खिळा शोधला. गुडघ्यावर बसून टेपचं टोक त्यावर धरलं, आणि दुसरं टोक दत्तूदादाने चाळीच्या दारापर्यंत नेलं. शेहेचाळीस मीटर वीस. महेशने दोनदा मोजलं. मग टेप गुंडाळत बहिणीकडे वळला.

“म्हणजे तू जास्त पळालीस, ताई.”

“सगळेच पळाले,” त्या म्हणाल्या.

“सगळ्यांना दोन आहेत.”

सहा वर्षं तो जी किडनी स्वतःच्या पोटात चोरीच्या मालासारखी वागवत होता, तिचा विषय त्याने पहिल्यांदाच अभिमानाने काढला होता. त्याने डोळे पुसले, आणि मग त्याच बाहीने नाक. “चल, घरी चल. बूट पोटमाळ्यावर टाकलेत.”

“मी काढीन,” सुनंदाताई म्हणाल्या.

“शिडी जुनी आहे, मी—”

“महेश.”

त्याने राहिलेली टेप गुंडाळून टाकली.

मला वाटलं, झालं. मी मोकळा झालो. मी हात जोडले आणि म्हणालो, “ताई, संस्थेला मी उद्याच पत्र देतो. निकालात तुमचं नाव लागेल.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी बालवाडीची बाई एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाकडे बघत असेल. “मी चौतीस सेकंद उशिरा आले, पाटकर. तुम्हाला चार महिने लागले.”

“चुकलं माझं.”

“माझ्या मागे आणखी लोक होते त्या दोरीला. ते किती?”

मला आकडा माहीत होता. साठ्यांच्या वहीतून मी तो पहिल्याच आठवड्यात काढला होता. ब्याण्णव मीटर पार करायला त्या वेगाने साधारण पन्नास सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दोरीवर आलेले, सुनंदाताईंना धरून, सात.

“सात.”

“बाकीच्या सहा जणांच्या घरी जाऊन आलात?”

“नाही. तुमच्याकडेच पहिल्यांदा...”

“का? माझी गोष्ट मोठी वाटली म्हणून? किडनी वगैरे?” त्या म्हणाल्या. “त्यांनी कोणाशी काय ठरवलं होतं ते तुम्हाला कुठे माहीत आहे? पत्र द्या आणि आधी त्यांच्याकडे जा. सगळे झाले की मला सांगा.”

पत्र दिलं. त्या दिवसाचं मार्गाचं प्रमाणपत्र रद्द झालं, निकाल दुरुस्त झाले, सातही नावं लागली. मला पुढच्या वर्षापासून न येण्याबद्दल नम्रपणे सांगण्यात आलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सायकल आता जिन्याखाली आहे.

सहा जणांपैकी पहिल्या डोंबिवलीच्या बाई. त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलं, मी फाटकाशी पायातून निसटलेली चप्पल शोधत बसले म्हणून उशीर झाला.” दुसरे गिरगावातले एक निवृत्त मास्तर. त्यांनी दाराची साखळी न काढता सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाले आणि दार लावलं. तिथे मी बराच वेळ जिन्यात उभा होतो. तिसरा एक तरुण, ऑफिसात कुणीतरी त्याला तेव्हापासून ‘अपूर्ण’ म्हणून हाक मारत होतं. तो माझ्यावर भडकला, आणि त्याचं ओरडणं ऐकताना मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. चौथ्या बाईंनी दुरुस्त प्रमाणपत्र लगेच कपाटाच्या काचेला चिकटवलं. पाचवे भायखळ्याचे. त्यांना शर्यत आठवतच नव्हती, ते म्हणाले, कोणती?

प्रत्येक भेटीनंतर मी सुनंदाताईंना फोन करतो. त्या आता दर रविवारी पळतात आणि महेश स्कूटर घेऊन मागे मागे असतो, निदान शंभर पावलं अंतर ठेवून, असं त्याचं कबूल झालंय. फोनवर त्या माझं सगळं ऐकून घेतात आणि एवढंच विचारतात, “किती राहिले?”

एक राहिला आहे. फॉर्मवरचा फोन बंद आहे. पत्त्यावर गेलो तर इमारत पाडून तिथे पत्रे लावलेत, आणि बाजूच्या पानवाल्याला कोण कुठे गेलं ते माहीत नाही. नाव इथे लिहिणं बरं दिसणार नाही. पण साठ्यांच्या वहीत तुमच्या क्रमांकापुढे त्यांनी दोन शब्द लिहून ठेवलेत, ‘लंगडत पळाले’. तुम्ही सुनंदाताईंच्या मागून अकरा सेकंदांनी आलात. दोरीला हात न लावताच थांबलात आणि माझ्याकडे बघून ‘ठीक आहे, साहेब’ म्हणालात.

ठीक नव्हतं. हा अंक तुमच्या हातात पडला तर एवढं वाचा. त्या दिवशी तुम्ही वेळेत आला होता.